मोहरीचं कुंपण

कारखानीससाहेबांच्या वाफ्यातली वांगी यंदा अशी काळीभोर, तुकतुकीत धरली होती, की येणारा-जाणारा थांबून फोटो काढायचा. आणि तिथून वीस पावलांवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, ईश्वरी भोईटेचा पावटा पिवळा पडत चालला होता.

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. ईश्वरी वाफ्याशी उकिडवी बसली होती. पाठीवरच्या झोळीत अकरा महिन्यांची मनू आईच्या वेणीचं टोक मन लावून चघळत होती. ईश्वरीनं एक पान उलटंपालटं करून पाहिलं. कीड नाही, ठिपका नाही. खालची पानं आधी, आणि अख्खं पान एकसारखं पिवळं. मनू होईपर्यंत सहा वर्षं तिनं माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली होती. हे दुखणं तिनं झोपेतही ओळखलं असतं. नत्राची उपासमार.

पण पावट्याला? पावट्याच्या मुळांवर गाठी असतात, गाठींत जिवाणू राहतात, आणि ते हवेतलं नत्र धरून झाडाला खाऊ घालतात. पावटा उपाशी म्हणजे खानावळवालीच उपाशी.

तिनं खुरप्यानं एक मूळ हळूच उघडं केलं. गाठी होत्या. एक नखानं फोडली, तर आतून गुलाबी निघाली. म्हणजे काम चालू होतं.

"मनूबाई," ती पुटपुटली, "आपलं झाड राबतंय गं. मग खातंय कोण?"

हा काही साधासुधा पावटा नव्हता. तिच्या अक्काआत्याचा चितरा पावटा होता तो, पांढऱ्या अंगावर तपकिरी शिंतोडे उडाल्यासारखा. पाटणच्या डोंगरात आत्यानं चाळीस वर्षं तो राखला आणि जाताना राखेत घोळवलेलं बी एका काचेच्या बरणीत भाचीच्या हाती दिलं. त्याला तीन वर्षं झाली होती. आता बाजारात भाजी यायची ती बंद काचघरांतून, आणि बी मिळायचं ते एका हंगामापुरतं. असा पावटा दुसऱ्या कुणाकडे नव्हता. ईश्वरीनं शोधून झालं होतं. बी जुनं झालं की त्यातला जीव जातो. यंदा तिनं उरलेल्या एकोणीसच्या एकोणीस बिया पेरल्या. अकरा उगवल्या. या हंगामात शेंगा वाळून बी हाती आलं नाही, तर आत्याचा पावटा संपला. कायमचा.

खातंय कोण, हे विचारायला ती तशीच, मातीच्या हातांनी, कारखानीससाहेबांकडे गेली.

कराडच्या कोयनाकाठ सोसायटीच्या या सामायिक बागेत अठ्ठावीस वाफे होते. निवृत्त अभियंता सुहास कारखानीस बाग समितीचे अध्यक्ष. दोन वर्षांपूर्वी 'भूमिसूत्र' नावाच्या कंपनीनं त्यांच्या पुढाकारानं इथल्या मातीत एक नवी बुरशी सोडली होती. झाडांच्या मुळांना धरून राहणारी बुरशी जगात कोट्यवधी वर्षांपासून आहे. तिचे धागे केसाहून बारीक असतात आणि मुळं पोचत नाहीत तिथून पाणी, स्फुरद, नत्र ओढून आणतात. भूमिसूत्रची बुरशी या कामात दसपट तेज होती. तिनं अठ्ठावीस वाफ्यांची मुळं जमिनीखालून एकमेकांना जोडून टाकली होती. ज्याच्याकडे जास्त, त्याचं कमीवाल्याकडे जाईल, अशी जाहिरात होती. मातीत खोचलेल्या सळ्या हा प्रवाह मोजायच्या आणि त्याचा नकाशा समितीच्या फोनवर उमटायचा. बुरशीला नावही मोठं गोड दिलं होतं. 'सावड'.

नाव ऐकलं तेव्हाच ईश्वरीच्या कपाळावर आठी पडली होती. आत्याच्या गावची सावड तिनं डोळ्यांनी पाहिली होती. आज सगळे मिळून तुझ्या रानात, उद्या सगळे मिळून माझ्या रानात. न सांगता कुणी कुणाच्या रानात शिरत नसे, आणि आपली पाळी आली की कुणाला तोंड लपवता येत नसे.

"नकाशा ना? बघा की!" साहेबांनी अभिमानानं फोन पुढे केला. पडद्यावर बाग काळी दिसत होती आणि तिच्यावर पिवळ्या बाणांचं जाळं होतं. ईश्वरीनं बोटानं नकाशा मोठा केला. टाकीच्या सावलीतल्या नऊ वाफ्यांतून बाण निघत होते. निघणारा प्रत्येक बाण समितीच्या पाच वाफ्यांत जाऊन थांबत होता.

"साहेब, माझ्या पावट्याचं नत्र तुमच्या वांग्यांत चाललंय."

"यालाच वाटून खाणं म्हणतात, ताई. निसर्ग समानता आणतो."

"समानता? नऊ उपाशी आणि पाच तट्ट फुगलेले, ही कुठली समानता?"

"ती झाडं सक्षम आहेत, म्हणून घेतात."

"सक्षम नाहीत, उन्हात आहेत!" ईश्वरीचा आवाज चढला तशी मनूनं वेणी चघळायची थांबवली. "बुरशीला स्वतःला साखर बनवता येत नाही. ती झाडाकडून साखर घेते आणि बदल्यात माल देते. जो जास्त साखर देईल, त्याला जास्त माल. साखर बनते उन्हात. तुमच्या वांग्यांना दिवसभर ऊन, म्हणून ती मोठं गिऱ्हाईक. आमच्यावर टाकीची सावली. बुरशी दानधर्म करत नाही साहेब, दुकान चालवते."

"वाफे चिठ्ठ्या टाकून वाटलेत."

"तेवीस वाटले. उन्हातले पाच तुम्ही आधीच बाजूला काढले होते. प्रयोगाच्या सोयीसाठी."

साहेबांनी फोन खिशात घातला. मग हसले. लहान मुलाला समजावताना हसतात तसं.

"ताई, बाळ लहान आहे. या दिवसांत बायकांना प्रत्येक गोष्ट जरा जास्तच लागते मनाला. तुम्ही बाळाकडं बघा. मातीचं आम्ही बघतो."

ईश्वरी वळली आणि निघाली. कानशिलं अशी तापली होती, की घरी येईपर्यंत तिला जिना चढल्याचंही कळलं नाही.

हृषी, तिचा नवरा, नुकताच कामावरून आला होता. त्यानं मनूला झोळीतून काढून घेतलं आणि बायकोचं तोंड पाहून काय ते ओळखलं.

"कुणाशी वाजलं?"

"बाळाकडं बघ म्हणाला मला. सहा वर्षं माती तपासली मी, हृषी. त्याला वांगं आणि वाल यातला फरक कळत नाही."

"अगं पण ईशू, अकरा झाडांसाठी सगळ्या सोसायटीशी..."

"अकरा नाहीत. नऊच उरलीत." तिनं कढई दाणकन गॅसवर ठेवली. "आणि हिला पुढं काय दाखवू मी? हा बघ तुझ्या पणजीचा... आत्याआजीचा पावटा, फोटोत होता बघ कसा छान?"

तेल तापलं. तिनं मोहरी टाकली. मोहरी तडतडली आणि ईश्वरीचा हात झाऱ्यावर तसाच राहिला. आत्या पेरणीला एक नेम पाळायची. मोहरीच्या रानात पावटा घालायची नाही. "रुसतो," म्हणायची. का रुसतो, ते प्रयोगशाळेत गेल्यावर कळलं होतं. मोहरी, मुळा, कोबी या कुळाचं बुरशीशी जमत नाही. सगळ्या झाडांनी बुरशीला घरात घेतलं, या घराण्यानं दार लावलं. उलट त्यांच्या मुळांतून असं काही तिखट पाझरतं, की बुरशीचे धागे तिथून माघारी फिरतात.

"फोडणी जळतीय," हृषी म्हणाला.

"जळू दे," ईश्वरी म्हणाली. तिला पहिल्यांदाच हसू आलं होतं. "उद्या सकाळी मनूला दोन तास सांभाळशील?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं कुदळीनं आपल्या वाफ्याभोवती हातभर खोल चर मारला. जमिनीतले धागे त्यानंच तुटले. ते पुन्हा जुळू नयेत म्हणून चरात माती लोटून तिनं मोहरी पेरली, अगदी दाट, मूठ मोकळी सोडून. चौथ्या दिवशी हिरवी रेघ उठली. तीन आठवड्यांत पावट्याची नवी पानं हिरवीगार आली. झाडं तोवर आठ राहिली होती, पण आठही वेल काठ्यांवर चढले, आणि एका सकाळी पहिला तुरा दिसला. पांढरा, कडेला किंचित जांभळा. मनूनं हात पुढे केला तर ईश्वरीनं तिची इवली बोटं धरून तुऱ्याला नुसती टेकवली. "हळू. पाहुणे आलेत आपल्याकडं."

"पाहुणे तुझ्याकडं आले, आणि जेवण माझ्या घरचं गेलं!"

मागे हलीमाचाची उभी होती. शेजारचा वाफा तिचा, तोही सावलीतला. साठीची चाची शिवणकाम करायची आणि तिची मेथी सोसायटीत नावाजलेली होती. मनूची पहिली झबली तिच्याच हातची. आज तिच्या हातात मेथीची उपटलेली जुडी होती. बोटभर उंच, हळदीसारखी पिवळी.

"दुसऱ्यांदा पेरली. दोन्ही वेळा ही गत. तुझा वाफा हिरवा झाला तेव्हापासनं. काय केलंस गं?"

ईश्वरीनं सांगितलं. सांगताना तिचा स्वर हळूहळू बारीक होत गेला. मेथीसुद्धा पावट्यासारखीच, गाठीतनं नत्र धरणारी. ईश्वरीचा पुरवठा तुटला तसं जाळ्यानं शेजारच्या वाफ्यातून दुप्पट ओढायला सुरुवात केली होती.

"म्हणजे तू तुझं दार लावलंस, आणि चोर माझ्या घरात शिरला."

"चाची, मला वाटलं नव्हतं..."

"वाटलं नव्हतं? तू शिकलेली. तुला ठाऊक होतं."

ठाऊक होतं. चर मारताना एकदा मनात आलं होतं, की आता हे कुणाकडून जाईल? पण हृषीचे दोन तास संपायच्या आत चर पुरा करायचा होता, आणि तिनं तो विचार मातीबरोबर बाजूला फेकला होता.

"त्या कारखानीसनं मला विचारलं नाही," चाची म्हणाली, "तो विचारणारा नव्हेच. पण तूही नाही विचारलंस, पोरी."

तिनं जुडी ईश्वरीच्या पायाशी टाकली आणि ती निघून गेली. इतके दिवस ईश्वरीचा राग एकाच माणसाकडे तोंड करून उभा होता. आता तो वळला आणि तिच्याकडेच बघू लागला. ते तिला सोसेना.

दुसऱ्या सकाळी चाची बागेत आली तेव्हा तिच्या वाफ्याभोवती निम्मा चर मारून झाला होता. ईश्वरी घामानं निथळत होती. मनू एका गोणपाटावर बसून मूठमूठ माती हवेत उधळत होती.

चाची कमरेवर हात ठेवून चराची रेघ बघत पुढे आली.

"वाकडा चाललाय," ती म्हणाली.

"मग दोरी धरा की."

चाचीनं दोरी धरली. दोन वाफ्यांच्या मधली मोहरी त्यांनी काढून टाकली आणि दोघींभोवती एकच कुंपण घातलं. आतलं आतल्यांचं, विचारून, ठरवून. चार दिवसांनी तिसऱ्या वाफेवाल्यानं विचारलं, "आमचं काय?" मग आत्याच्या गावासारखंच सुरू झालं. आज याच्या वाफ्यात सगळे, उद्या त्याच्या. मनू या कडेवरून त्या कडेवर फिरायची, आणि जिच्याकडे मनू तिला त्या दिवशी कुदळ माफ. डिसेंबर सरेतो सावलीतले नऊही वाफे एका कुंपणाच्या आत आले. संक्रांतीच्या तोंडावर मोहरी फुलली आणि टाकीखालच्या त्या कळकट कोपऱ्याला पिवळा गोट लागला.

भोगीच्या सकाळी बागेत मोठं पातेलं चढलं. बागेची रीतच होती, प्रत्येक वाफ्यातलं ओंजळभर काहीतरी भोगीच्या भाजीत पडायचं. यंदा भूमिसूत्रची निरीक्षक आली होती, हातात पाटीएवढा फोन घेतलेली तरुण मुलगी. कारखानीससाहेब नवा कुर्ता घालून टोपली फिरवत होते. वांगी पडली, गाजरं पडली. चाचीनं मेथी टाकली, हिरवीगार, आणि मुद्दाम साहेबांच्या नाकासमोरून टाकली.

"भोईटेताई, पावटा?"

"पावटा नाही. गाजरं दिलीत मी. शेंगा बियाला ठेवल्यात."

"भोगीला पावट्याच्या शेंगा नाहीत? चार शेंगांनी काय फरक पडतो?"

"चार शेंगा म्हणजे बारा बिया. पुढच्या सालची बारा झाडं."

तेवढ्यात निरीक्षक मुलगी पुढे आली. "सर, नऊ वाफे जाळ्याच्या बाहेर दिसताहेत. करारात नव्वद टक्के जाळं अखंड हवं. नाहीतर आज मला प्रयोग बंद झाला असा अहवाल द्यावा लागेल."

साहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "समितीचा निर्णय. ही मोहरी आत्ताच्या आत्ता उपटायची. सगळी!"

कुणी हललं नाही. मग समितीचे दोघं विळे घेऊन निघाले. ईश्वरी आडवी गेली नाही. शेंगा भरल्या होत्या, वाळायला महिना होता. मोहरी गेली तरी धागे परत जुळायला तितका वेळ लागणारच होता. हा हिशेब तिनं मनात केला होता. पण फुलांनी लगडलेली मोहरी आडवी पडू लागली तेव्हा तिनं मनूचं तोंड आपल्या खांद्याकडे वळवलं.

"आणि नियम काय आहे?" साहेब गरजले. "बागेतला पाला बागेतच. बारीक चिरा, आमच्या पाच वाफ्यांत पुरा, वरून भरपूर पाणी द्या. दंड समजा. तुमच्या मस्तीचं खत आमच्या वांग्यांना."

ईश्वरीनं चमकून मान वर केली. इथे गप्प बसणं किती सोपं होतं! एक शब्दही न बोलता ती घरी जाऊ शकत होती. पण चाचीचं वाक्य अजून तिच्या पायाशी पडलेलं होतं. तुला ठाऊक होतं.

"साहेब, ते करू नका."

"का? पोटात दुखलं?"

"मोहरी उभी असते तोवर ती दार लावून गप्प असते. चिरून ओल्या मातीत पुरली, की तिच्यातलं तिखट सुटतं. लोणच्याला मोहरी फेसताना नाकात झोंबतं ना, तेच. मातीत त्याची धुरी होते. तुमच्या वाफ्यांतली बुरशी मरेल."

"लोणचं घरी घाला, ताई!" साहेब म्हणाले. समितीत हशा पिकला. "फोडणीची मोहरी आम्हाला घाबरवणार?"

ईश्वरी हसणाऱ्या प्रत्येकाकडे नीट बघून घेत होती. मग ती सचिव लोखंडेबाईंकडे वळली. इतिवृत्ताची वही त्यांच्या मांडीवर होती.

"लिहा."

"काय लिहू गं?"

"मी आत्ता बोलले ते. भोईटेंनी सांगितलं, की मोहरी पुरू नका, जाळं मरेल. अध्यक्ष म्हणाले, लोणचं घरी घाला. शब्दच्या शब्द लिहा."

लोखंडेबाईंनी साहेबांकडे बघितलं, ईश्वरीकडे बघितलं आणि लिहिलं. निरीक्षक मुलगी आपल्या फोनवर घाईघाईनं काहीतरी शोधत होती. मोहरी चिरली जात होती. हवेत तो ओळखीचा झोंबरा वास सुटला. मनूला तीन शिंका आल्या.

आठव्या दिवशी समितीच्या नकाशावर पाचही वाफे काळे पडले. दोन वर्षं आयत्यावर बसलेल्या वांग्यांना स्वतःचं मूळ लांबवायची सवयच राहिली नव्हती. ती भर उन्हात माना टाकून उभी राहिली. भूमिसूत्रनं आपल्या सळ्या उपटून नेल्या. नऊ वाफ्यांना मात्र ओढणारंच कुणी उरलं नव्हतं.

फेब्रुवारीत शेंगा वाळल्या. ईश्वरी चाचीच्या दारात बसून त्या सोलत होती, आणि चितऱ्या बिया ताटात टणटण वाजत होत्या. मनू आता धरून उभी राहायला लागली होती. एक बी तोंडात घालायच्या बेतात होती, ते चाचीनं शिताफीनं काढून घेतलं.

जिन्यात पावलं वाजली. कारखानीससाहेब. अंगात तो नवा कुर्ता नव्हता, तोंडी तो चढा आवाजही नव्हता.

"भोईटेताई, माती... आमचे वाफे. काही उगवेल का तिथं?"

"उगवेल. मातीतली धुरी सरली की शेणखत घालायचं, हातानं खणायचं. वर्ष लागेल."

"तुम्ही जरा... मदत कराल?"

ईश्वरीनं शेंगा सोलायचं थांबवलं नाही.

"उद्या सकाळी सहाला या. पहिल्यांदा चाचीच्या वाफ्यात खणायचं. मग माझ्या. मग बाकीच्या सातांच्या. सगळ्यांचं झालं, की आम्ही नऊजण तुमच्याकडं येऊ. याला सावड म्हणतात, साहेब. आणि उन्हातल्या पाच वाफ्यांच्या चिठ्ठ्या नव्यानं पडतील."

साहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"आणि हातमोजे आणू नका," चाची म्हणाली.

ते गेले. ईश्वरीनं एक मूठ बी चाचीच्या पदरात घातलं. आता ते दोन घरांत राहणार होतं. उरलेलं तिनं चाळलेल्या राखेत घोळवलं आणि बरणीत भरलं.

"आता तरी राग गेला का तुझा?" चाचीनं विचारलं.

ईश्वरीनं बरणीचं झाकण घट्ट बसवलं.

"नाही," ती म्हणाली. "तोही राखेतच ठेवलाय, चाची. बियासारखा. जुना होऊ द्यायचा नाही."